प्लास्टर की ऑपरेशन? पंधरा महिन्यांच्या मुलीचा निखळलेला खुबा

पत्र: माझी मुलगी पंधरा महिन्यांची आहे. पोटात पायाळू होती म्हणून सिझेरियन झालं. तेराव्या महिन्यात चालायला लागली, पण डाव्या पायाने लंगडते. बालरोगतज्ज्ञांनी एक्स-रे काढायला लावला, त्यात डावा खुबा निखळलेला निघाला. सांगलीचे हाडांचे डॉक्टर म्हणतात, भूल देऊन खुबा बसवू आणि प्लास्टर घालू. पुण्याचे म्हणतात, ऑपरेशन लागेल. सासूबाईंचं म्हणणं, पोरगी पळते, खेळते, तिला दुखत नाही, मग कशाला कापाकापी? जवळच्या गावात एक हाडवैद्य आहेत, ते मालिश करून बसवतात म्हणे. शेजारच्या ताईंनी पट्ट्याचा उपाय सांगितला. कोणाचं ऐकू? आणि मी तिला दुपट्यात घट्ट गुंडाळायची, त्याने झालं का हे? – एक आई, तासगाव

ताई,

आधी तुमच्या दोन डॉक्टरांबद्दल, कारण सगळी घालमेल तिथून सुरू झालेली दिसते. ते दोघं एकमेकांचं म्हणणं खोडून काढत नाहीयेत. पंधरा महिने हे वयच सीमेवरचं आहे. साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या बाळाचा खुबा आधी न कापता, भूल देऊन बाहेरून बसवून पाहतात. दीड वर्षानंतर बहुतेक वेळा उघडूनच बसवावा लागतो. तुमच्या लेकीच्या वयाच्या बाळाचं काय होणार हे एक्स-रेवरून अर्धंच कळतं. बाकीचं बाळ भुलीखाली गेल्यावर, सांध्यात रंगाचं औषध सोडून पाहिल्यावर कळतं. तेव्हा 'प्लास्टर की ऑपरेशन' हा निकाल तुम्ही घरी बसून लावायचा नाहीच. तुम्ही निवडायचा तो सर्जन. दोन्हींची तयारी ठेवून थिएटरमध्ये जाणारा, बॉल बाहेरून अलगद बसला तर तिथेच थांबणारा आणि नाही बसला तर जोर न लावता उघडणारा.

नेमकं काय बिघडलंय ते समजलं की पुढचं सगळं सोपं जाईल. मांडीच्या हाडाचा वरचा गोल भाग, ज्याला सगळे खुब्याचा बॉल म्हणतात, तो कमरेच्या हाडातल्या वाटीत बसलेला असतो. तुमच्या मुलीचा डावा बॉल वाटीच्या बाहेर, वर सरकलेला आहे. म्हणून तो पाय आखूड पडतो, ती चवड्यावर जोर देऊन चालते आणि पावलागणिक शरीर डावीकडे झुकतं. डॉक्टरी भाषेत याला डीडीएच म्हणतात. वाटी जन्मतः पूर्ण खोल नसते. चाकावरच्या मातीला हात लागेल तसा आकार येतो, तशी वाटी आतल्या बॉलच्या दाबाने खोल होत जाते. बॉलच आत नसेल तर वाटी उथळ राहते, तिच्यात चरबी भरते, आणि बॉलही चपटा होत जातो. आकार घेण्याची ही ताकद पहिल्या तीन-चार वर्षांत सगळ्यात जास्त असते, पुढे ओसरते. उशीर महाग पडतो तो यामुळे. उद्या सकाळीच धावपळ करावी असं काही नाही, पण पुढचे महिने इकडेतिकडे विचारण्यात जाऊ देऊ नका.

मुलीला दुखत नाही हे सासूबाईंचं म्हणणं बरोबरच दिसतंय. या वयात निखळलेला खुबा दुखत नाही, आणि घरोघरी उशीर होतो तो याचमुळे. दुखणं येतं विशी-तिशीत: आधी दिवसभर उभं राहिल्यावर जांघेत, मग मांडी घालताना, मग रात्री झोपेत. पाय आखूड म्हणून कंबर वाकडी बसते, गुडघ्यावर वेडावाकडा भार येतो, आणि ऐन उमेदीच्या वयात कृत्रिम सांध्याची पाळी येऊ शकते. आणखी एक गोष्ट सासूबाईंना शांतपणे सांगा. आज एक भूल आणि तीन महिन्यांच्या प्लास्टरवर भागण्याची शक्यता आहे. तीन वर्षांची झाल्यावर त्याच खुब्यासाठी वाटीचं हाड कापून वळवणं, मांडीचं हाड कापून आखूड करणं, प्लेट घालणं, एवढं सगळं लागू शकतं. कापाकापी टाळायची असेल तर ती लवकर उपचार करूनच टळते.

हाडवैद्याकडे मात्र नेऊ नका. हे फार आग्रहाने सांगतो आहोत. बॉलला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बारीक असतात आणि हाडाच्या मानेला चिकटून जातात. जागं बाळ रडत, पाय आखडून घेत असताना मांडी ताणली किंवा पाय पूर्ण फाकवला, की त्या वाहिन्या दबतात आणि बॉलचं हाड सुकतं. मग खुबा जागेवर आला तरी बॉल उरत नाही. 'कट' असा आवाज आला म्हणजे सांधा बसला असंही नसतं. निखळलेला खुबा हलवला की तो वाजतोच. न कापता केलेलं सौम्यच असतं या समजाची फार मोठी किंमत वैद्यकाने मोजलेली आहे. व्हिएन्नाचे अडॉल्फ लोरेन्झ हे रक्त न सांडता खुबे बसवण्यासाठी जगभर प्रसिद्ध होते. १९०२ साली ते मुद्दाम अमेरिकेलाही गेले. भुलीखाली जोराने ताणून, दोन्ही पाय बेडकासारखे आडवे पसरून ते प्लास्टर घालत. खुबे बसत, पण त्या टोकाच्या स्थितीत कितीतरी मुलांच्या बॉलचा रक्तपुरवठा तुटे. आज प्लास्टरमध्ये पाय किती फाकवायचा याला अंशांची मर्यादा आहे ती त्या अनुभवातून आलेली.

पट्ट्याचा उपाय खोटा नाही, पण त्याचं वय गेलं. शेजारच्या ताईंनी सांगितला तो बहुधा पावलिक पट्टा. चेक डॉक्टर आर्नोल्ड पावलिक यांच्या नावाचा हा खांद्यावरून पायांपर्यंत येणारा मऊ पट्टा पहिल्या सहा महिन्यांत फार चांगलं काम करतो. त्यात बाळ पाय हलवतं आणि त्या हालचालीनेच बॉल वाटीत उतरतो. पण त्यातही तीन-चार आठवड्यांत बॉल आत आला नाही तर पट्टा काढावा लागतो, नाहीतर वाटीची मागची कड झिजते. चालत्या मुलीच्या खुब्याभोवतीचे स्नायू आखडलेले असतात, पट्टा तिथे काही करू शकत नाही. दोन-दोन डायपर एकावर एक घालणं, कॅल्शियमचं औषध, जीवनसत्त्व ड यांनीही निखळलेला खुबा आत येत नाही.

आता तपासण्या. या वयात सोनोग्राफीचा उपयोग संपलेला असतो, साधा एक्स-रेच हवा. त्यात बाळ सरळ उताणं, कंबर तिरकी न होता, दोन्ही पाय समांतर आणि गुडघ्याच्या वाट्या छताकडे असायला हव्यात. रडणाऱ्या बाळाचा घाईत काढलेला तिरका फोटो वाटीचा कोन, म्हणजे वाटीच्या छताचा उतार, चुकीचा दाखवतो. डॉक्टरांना विचारा, वाटीचा कोन किती आहे आणि बॉल किती वर गेलाय. वर्षाच्या आसपासच्या निरोगी बाळात हा कोन ३० अंशांच्या आत असतो, दोन वर्षांनंतर पंचविशीच्या खाली उतरतो. तुमच्या मुलीचा आजचा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढची कित्येक वर्षं त्याच्याशीच तुलना होणार आहे. उजव्या खुब्याचाही आकडा घ्या. कधी दुसरा खुबा निखळलेला नसतो, पण उथळ असतो. आणि एक गोष्ट डॉक्टरांनी विचारली नसेल तरी स्वतःहून सांगा. जन्मानंतर ती काचेच्या पेटीत होती का, तिला जंतुसंसर्ग झाला होता का, मांडी सुजून पाय हलेनासा झाला होता का? नवजात बाळाच्या खुब्यात पू होऊन गेला असेल तर एक्स-रे असाच दिसू शकतो, पण आजार वेगळा असतो आणि उपचारही.

न कापता बसवण्याचं, म्हणजे क्लोज्ड रिडक्शनचं, काम असं चालतं. पूर्ण भूल देतात. बारीक सुईने सांध्यात रंगाचं औषध सोडून स्क्रीनवर पाहतात, हा आर्थ्रोग्राम. कोवळा बॉल बराचसा कूर्चेचा, म्हणजे अजून हाड न झालेल्या लवचीक भागाचा असतो, तो साध्या एक्स-रेत दिसत नाही, इथे दिसतो. मग गुडघा पोटाकडे वाकवून पाय हळूहळू बाहेर नेतात आणि बॉल आत उतरतो का बघतात. बॉल आणि वाटीचा तळ यांच्यामध्ये औषधाचं तळं साचलं तर समजायचं की मध्ये काहीतरी अडकलंय. साधारण ५ मिलीमीटरपर्यंतची फट चालवून घेतात, कारण बॉल पुढे स्वतःच खोल रुततो. जाड थर असेल तर बसवल्याचं समाधान खोटं ठरतं. त्यानंतर पाय कितपत मिटला की बॉल बाहेर येतो आणि जास्तीत जास्त कितपत फाकतो, या दोन टोकांमधलं अंतर पाहतात. ते ऐसपैस असेल तर खुबा सुरक्षित. चिंचोळं असेल तर जांघेतला ताठ झालेला स्नायू एका बारीक छेदातून सैल करतात. छेद अर्ध्या बोटाएवढाही नसतो. 'कापलं' म्हणून घाबरू नका. शेवटी छातीखालून घोट्यांपर्यंत प्लास्टर, ज्याला स्पायका म्हणतात. त्यात मांड्या साधारण काटकोनात किंवा थोड्या जास्त वाकलेल्या आणि प्रत्येक बाजूला ४० ते ५५ अंश फाकलेल्या असतात. ६० च्या पुढे नेणं बॉलला धोक्याचं.

प्लास्टर घातल्यावर बॉल खरंच आत आहे याची खातरजमा हा भाग बऱ्याच ठिकाणी राहून जातो. स्पायकामधून काढलेल्या साध्या एक्स-रेत बॉल मागे निसटला असेल तरी आत असल्यासारखा दिसतो. मोजक्या चकत्यांचा सीटी किंवा एमआरआय करून घेणं हा त्यावरचा उपाय, काही मिनिटांचं काम. 'प्लास्टरनंतर सीटी किंवा एमआरआय करणार का?' हा प्रश्न दोन्ही डॉक्टरांना विचारा. उत्तरावरून तुम्हाला बरंच कळेल.

प्लास्टर एकंदर बारा आठवड्यांच्या आसपास चालतं. मध्ये सहाव्या आठवड्याला पुन्हा भूल देऊन बदलतात, कारण बाळ वाढलेलं असतं आणि आतला कापूस सैल झालेला असतो. त्यानंतर काही महिने पाय फाकलेले ठेवणारा काढता-घालता येणारा ब्रेस, बऱ्याचदा फक्त रात्री.

बाहेरून बसलं नाही तर उघडून बसवतात. म्हणजे वाटेत काय आडवं येतंय ते काढतात. पोटाकडून येणाऱ्या स्नायूचा दोर सांध्यावर आवळून बसलेला असतो, सांध्याभोवतीचं आवरण मधोमध चिमटलेलं असतं, वाटीच्या खालच्या तोंडाशी एक बंध ताणलेला असतो, आत चरबी असते आणि वाटीची कूर्चेची कड कधी आत वळलेली. हे जोराने दूर होत नाही, सोडवावं लागतं. छेद दोन प्रकारचा. जांघेच्या आतल्या बाजूचा छोटा असतो, पण तिथून मागचं सैल आवरण घट्ट शिवता येत नाही. समोरचा, चड्डीच्या रेषेत लपणारा, जास्त काम करू देतो. तुमच्या मुलीच्या वयात बरेच सर्जन तोच घेतात. दीड वर्षापुढे वाटी फारच उथळ असेल तर त्याच वेळी कमरेचं हाड वाटीच्या वर कापून वाटी पुढे आणि बाहेर वळवतात. ही पद्धत टोरंटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी १९६१ साली मांडली आणि अजून तीच चालते. कापलेल्या फटीत त्याच हाडाची पाचर बसवून दोन तारा घालतात. तारा पुढे काढाव्या लागतात. केव्हा आणि त्यासाठी पुन्हा भूल लागणार का, ते आधीच विचारून ठेवा. अशा ऑपरेशननंतर प्लास्टर सहा ते बारा आठवडे.

उघडणं म्हणजे वाईट आणि बाहेरून म्हणजे चांगलं, असं मनात धरू नका. बाहेरून बसवलेला पण पूर्ण आत न गेलेला खुबा हा सगळ्यात वाईट सौदा आहे: प्लास्टरचे तीन महिनेही जातात आणि ऑपरेशनही टळत नाही. उघडल्याने अडथळे खात्रीने निघतात, पण व्रण येतो, सांधा थोडा ताठ राहू शकतो. दोन्ही मार्गांत बॉलचा रक्तपुरवठा बिघडण्याचा धोका असतो, दोन्ही मार्गांत खुबा पुन्हा निसटू शकतो. बाहेरून छान बसला तरी वाटी पुरेशी खोल न होणं ही गोष्ट विरळ नाही. मग तीन ते पाच वर्षांच्या वयात वाटी वळवण्याचं ऑपरेशन करावं लागतं. ते पहिल्या उपचाराचं अपयश समजू नका. पहिल्या उपचाराने बॉल आत ठेवला म्हणून तर वाटीवर काम करणं शक्य होतं.

आता दोघांपैकी कोणाकडे जायचं, हे ठरवायला पुढचे प्रश्न पुरतील. आर्थ्रोग्राम करणार का? बाहेरून बसला नाही तर त्याच भुलीत उघडणार का, की आम्हाला दुसरीकडे पाठवणार? पाठवणार असतील तर त्याच जागी पहिल्यापासून जाणं बरं. भूल, प्लास्टर आणि वेळ तिन्ही वाचतात. असे खुबे तुम्ही नेहमी करता का? मोठ्या माणसांची मोडलेली हाडं उत्तम जोडणारे डॉक्टरही हे काम क्वचितच करतात, आणि तसं सांगून लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवणारा माणूस प्रामाणिकच म्हणायचा. लहान बाळांना भूल देण्याची सवय असलेले भूलतज्ज्ञ आहेत का? मुलगी मोठी होईपर्यंत तपासायला तुम्हीच असणार का? पुण्याच्या डॉक्टरांना एक जादा प्रश्न: ते एक्स-रे बघून थेट उघडायचं म्हणतात की आधी बाहेरून बसवून पाहणार? थेट म्हणत असतील तर कारण विचारा. बॉल खूप वर गेलाय, पाय फाकतच नाही, ही कारणं पटण्यासारखी आहेत.

कधी सर्जन म्हणतात, 'तीन महिने थांबू, अठराव्या महिन्यात उघडून बसवणं आणि वाटी वळवणं एकदमच करू.' ही टाळाटाळ नव्हे, योजना आहे, आणि काही खुब्यांसाठी योग्य आहे. मात्र तारीख ठरलेली हवी. 'पाच वर्षांची होऊ दे, मग बघू' असं कोणी म्हणालं तर तिथून उठा.

ठरलं की तयारी. हिमोग्लोबिन आधी तपासून घ्या. आपल्याकडे या वयात लोह कमी निघणं नेहमीचं आहे, आणि दोन-तीन आठवडे औषध देऊन ते वर आणता येतं. सर्दी, खोकला, ताप असेल तर लपवू नका. भूल पुढे ढकलणं कधीही बरं. उपाशी ठेवण्याचा साधारण हिशोब असा: जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी, नुसतं पाणी दोन तास आधी. पण भूलतज्ज्ञ सांगतील तेच पाळा. 'रडते म्हणून अर्धं बिस्कीट दिलं' असं झालं तर खरं सांगा. भुलीत उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते.

घरी आल्यावर खरी कसोटी लागते ती शी-शूची. प्लास्टरला खाली मोकळी जागा सोडलेली असते. तिथे लहान मापाचा डायपर, चिकटपट्ट्या न लावता, कडा प्लास्टरच्या आत चारी बाजूंनी खोचून बसवा. त्याच्यावर मोठ्या मापाचा दुसरा डायपर प्लास्टरच्या बाहेरून बांधा. दिवसा दर दोन तासांनी पाहा, रात्री एकदा-दोनदा उठून बदला. सुती लंगोट इथे चालत नाही, ओल थेट कापसात जाते. बाळाला झोपवताना छातीकडची बाजू उशांनी थोडी उंच ठेवा, म्हणजे शू पाठीकडे न जाता खाली उतरते. कडांना पाणी न शोषणारी चिकटपट्टी पाकळ्यांसारखी लावून घ्या. रुग्णालयातून निघण्यापूर्वी परिचारिकेकडून एकदा करून दाखवून घ्या आणि मग स्वतः करा.

साधं प्लास्टर पूर्ण वाळायला एक-दोन दिवस लागतात. तोवर बोटांनी न धरता तळव्यांवर उचला, नाहीतर खळगा पडतो आणि आत कातडीला टोचत राहतो. दोन पायांमध्ये आडवी काठी बसवलेली असेल तर ती धरून उचलायची नाही. दर दोन-तीन तासांनी कूस बदला, पालथीही झोपवा. टाचा गादीवर टेकू न देता पोटरीखाली घडी ठेवा. आत पावडर नको, तेल नको, खाजवायला पट्टी किंवा सुई तर अजिबात नको. खाज सुटली तर पंख्याची हवा किंवा ड्रायरची थंड हवा वरच्या कडेतून सोडा. भरवताना गळ्यापासून मोठा टॉवेल पसरा, कारण भाताचं एक शीत आत गेलं की चार दिवसांनी वास येतो. पोट प्लास्टरने आवळलेलं असतं म्हणून थोडं थोडं, पण अधिक वेळा खायला द्या. आंघोळ नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. अंगात बाजूला बांधायच्या नाड्या असलेले, दोन मापं मोठे सुती झबले-फ्रॉक. सांगली-तासगावचा उन्हाळा पाहता ऑपरेशनची तारीख निवडता आलीच तर मार्च-एप्रिल टाळलेला बरा, पण केवळ उन्हासाठी महिनोन्‌महिने थांबू नका. दुचाकीवरून नेऊ नका. प्लास्टरातली मुलगी दोघांच्या मध्ये बसत नाही आणि नीट धरताही येत नाही.

दिवसातून चार वेळा पायाची बोटं पाहायची. गुलाबी, उबदार, हलणारी हवीत. नखावर दाबून सोडलं की दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. बोटं निळी, पांढरी, गार किंवा सुजलेली दिसली, काही केल्या रडणं थांबेना, ताप आला, कुजका वास यायला लागला, पोट फुगून उलट्या होऊ लागल्या, खुब्याच्या भागात प्लास्टरला तडा गेला, तर सकाळची वाट पाहू नका. आणखी एक खूण फार कमी घरांत सांगितली जाते. काल दिसणारी बोटं आज प्लास्टरच्या आत गेलेली दिसली, तर बाळ वर सरकलंय आणि खुबा निसटला असू शकतो. पहिल्याच दिवशी दोन्ही पायांचा फोटो काढून ठेवला की ही तुलना डोळ्यांवर सोडावी लागत नाही.

प्लास्टर निघाल्यावर पाय बारीक, कातडी कोरडी, गुडघे ताठ आणि मुलगी चिडचिडी असणार. नेमकी तेव्हाच घरात 'आता चांगली मालिश करून पाय मोकळे करा' असं सुरू होतं. नको. तीन महिने भार न पडल्याने हाडं ठिसूळ झालेली असतात, आणि गुडघ्याच्या जरा वर मांडीचं हाड मोडण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत असतो. कोमट पाण्याच्या टबात बसवा, खेळू द्या, तिचा तीच पाय हलवेल. उभी कधी करायची ते डॉक्टर सांगतील. लंगडणं काही महिने राहतं, स्नायू भरले की कमी होतं.

नंतरचे एक्स-रे चुकवू नका. पहिल्या वर्षी काही महिन्यांच्या अंतराने, मग वर्षातून एकदा, पुढे अंतर वाढवत हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे चौदा-सोळाव्या वर्षापर्यंत. बसवल्यानंतर वर्षभरात बॉलचं हाड वाढताना दिसायला हवं. वाढलं नाही तर रक्तपुरवठा बिघडल्याची शंका येते. वाटीचा कोन दरवर्षी उतरतोय का, तेही तुमच्या वहीतल्या पहिल्या आकड्याशी ताडून पाहा. 'आता छान चालते' म्हणून तपासणी सोडलेली मुलं वयात येताना उथळ वाटी घेऊन परत येतात, आणि तेव्हाचे उपाय फार मोठे असतात.

खर्चासाठी दोन दारं ठोठवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधूनच सुरू झाला, आणि त्याच्या यादीत जन्मजात खुब्याचा हा दोष नावानिशी आहे. अंगणवाडीत तपासणीला येणारं पथक किंवा जिल्हा रुग्णालयातलं लवकर निदान-उपचार केंद्र गाठा, पुढे पाठवण्याची चिठ्ठी तिथून मिळते. दुसरं, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. निवडलेलं रुग्णालय योजनेत आहे का, एवढं विचारून थांबू नका. तुमच्या मुलीला सांगितलेली शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात योजनेखाली होते का, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडून, दाखल होण्याआधीच निश्चित करा. बाहेरून बसवणं आणि उघडून बसवणं या दोन्हींसाठी मंजुरी मागून ठेवता येईल का, तेही विचारा.

दुपट्याबद्दल. पोटात पायाळू असणं, मुलगी असणं, आई-वडिलांपैकी कोणाला हा त्रास असणं, ही मोठी कारणं तुमच्या हातातली नव्हतीच. सिझेरियन झालं म्हणून पायाळूपणाचा धोका जात नाही, कारण खुब्यावरचा ताण पोटातल्या शेवटच्या महिन्यांतला असतो. पाय सरळ करून घट्ट गुंडाळल्याने आधीच सैल असलेला खुबा आणखी बाहेर ढकलला जाऊ शकतो, हे खरं आहे. पण तुमच्या बाबतीत तेवढ्यानेच झालं असं कोणी म्हणू शकत नाही. पायाळू माणसाने लाथ मारली की उसण जाते, हे आपल्याकडे घराघरांत माहीत असतं. पायाळू बाळाचा खुबा तपासायचा असतो, हे प्रसूतीनंतर तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं होतं. पुढचं बाळ झालं तर ते पायाळू नसलं तरी बहिणीला हा त्रास आहे एवढं कारण पुरेसं आहे: जन्मतः दोन्ही खुबे तपासून घ्या आणि सहाव्या आठवड्याला खुब्यांची सोनोग्राफी करा. गुंडाळायचं तर हात आणि छाती गुंडाळा, कमरेखाली दुपटं इतकं सैल ठेवा की बाळाला गुडघे वाकवून पाय फाकवता येतील. मान धरल्यावर कडेवर घ्या. कडेवरच्या बाळाचे पाय जसे फाकतात, तसेच खुब्याला हवे असतात.